चित्राचे तीन आकार

बँकभरतीच्या ऑनलाइन अर्जात फोटोविषयी एक सूचना असते. फोटो ४.५ सेंटिमीटर उंच आणि ३.५ सेंटिमीटर रुंद असावा, तो २०० × २३० पिक्सेलचा असावा आणि फाइल २० ते ५० केबीच्या दरम्यान असावी. तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारांना ही ओळ तोंडपाठ असते. या एका ओळीत आकार तीनदा सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीचा. सेंटिमीटर हे कागदावरच्या जागेचे माप. पिक्सेल म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची मोजदाद. केबी म्हणजे ते ठिपके साठवायला लागणारी जागा. यातला एक आकार बदलला म्हणून दुसरा बदलेलच असे नाही.

हेच आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. ३.५ ला ४.५ या प्रमाणाने २०० पिक्सेल रुंदीला सुमारे २५७ पिक्सेल उंची लागते. सूचना मागते २३०. पासपोर्ट फोटो पूर्ण ठेवून २०० × २३० मध्ये बसवला, तर चेहरा वरून दाबल्यासारखा होतो आणि गाल पसरट दिसतात. डोक्यावरची आणि खांद्यांखालची थोडी जागा कापली, तर चेहरा जसाच्या तसा राहतो. संगणक दोन्ही फायली बिनतक्रार स्वीकारतो, कारण त्याला फक्त आकडे कळतात. माणूस ओळखू यावा ही काळजी फोटो बसवणाऱ्याने घ्यायची असते.

यंत्राची, वैद्यकीय उपकरणाची किंवा सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला हीच काळजी रोज अनेकदा घ्यावी लागते. स्क्रीनशॉट पानात घातला, मोठा वाटला, कोपरा धरून आत ओढला आणि पुढच्या परिच्छेदाला सुरुवात केली, इतके ते सहज घडते. त्या ओढण्याने तीनपैकी कोणता आकार बदलला हे समजले की निम्मे काम समजले. उरलेले निम्मे म्हणजे तो कोणासाठी बदलायचा हे समजणे. या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच: चित्राचा आकार वाचणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरवावा, आणि मूळ चित्राला धक्का न लावता ठरवावा.

ठिपके कुठून आले

१९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्र वाचणारे एक यंत्र तयार केले. त्यात कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो लावला. सुमारे ५ सेंटिमीटर बाजूचा तो फोटो १७६ आडव्या आणि १७६ उभ्या घरांत विभागला गेला. प्रत्येक घर काळे किंवा पांढरे, अशी एकूण ३०,९७६ घरे. स्कॅन होऊन संगणकात गेलेले हे पहिले छायाचित्र मानले जाते.

त्या घराहून बारीक असे जे काही बाळाच्या चेहऱ्यावर होते, ते यंत्राने टिपलेच नाही. पापणीचा एखादा केस, ओठाच्या कडेची सुरकुती, हे संगणकात कधी शिरलेच नाही. आता ते चित्र टपाल तिकिटाएवढे छापा किंवा भिंतभर दाखवा, घरे तेवढीच राहतात. फक्त एकेक घर लहान किंवा मोठे दिसते. पिक्सेलला स्वतःची लांबी-रुंदी नसते. ती त्याला कागदावर किंवा पडद्यावर गेल्यावर मिळते.

चित्राच्या फाइलमध्ये मात्र याविषयी एक शिफारस लिहून ठेवता येते. पीएनजी फाइलमध्ये ‘एका मीटरला इतके पिक्सेल’ अशी नोंद करण्याची सोय आहे. इंचाला ९६ पिक्सेल म्हणजे मीटरला जवळजवळ ३,७८०. काही प्रोग्रॅम ही नोंद मानतात, काही तिच्याकडे लक्ष देत नाहीत. एकच चित्र एका प्रोग्रॅममध्ये तळहाताएवढे आणि दुसऱ्यात पानभर उघडते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, कारण डीटीपीच्या दुनियेत पॉइंट हे माप इंचाचा बहात्तरावा भाग असते आणि पडदा व कागद यांचा मेळ त्यामुळे बसत होता. विंडोजने ९६ हा आकडा धरला. या दोन परंपरा आजही एकमेकींशेजारी नांदत आहेत.

३०० हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

छापखान्यात चित्र दिले की पहिला प्रश्न येतो, ‘३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, आहेत ना?’ हा आकडा माणसाच्या डोळ्याच्या क्षमतेशी जुळतो. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. पान डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरले तर हे अंतर ०.०८७ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला सुमारे २९० ठिपके. त्याहून दाट ठिपके डोळ्याला सुटे दिसत नाहीत. देवळाचा, शेताचा किंवा माणसाचा फोटो छापायचा असेल तर हा नियम उत्तम.

स्क्रीनशॉटला मात्र तो फसवतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्याचा पूर्ण स्क्रीनशॉट घेतला आणि ए-फोर पानावर दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर समास सोडून उरलेल्या १६० मिलिमीटरमध्ये बसवला, तर इंचाला सुमारे ३०५ पिक्सेल येतात. छपाईच्या कसोटीवर चित्र पूर्ण उतरले. पण पडद्यावरचा मेन्यूचा मजकूर साधारण ९ पॉइंटचा, म्हणजे १२ पिक्सेलचा असतो. तो कागदावर २.८ पॉइंटचा होतो. पुस्तकाचा मजकूर १० ते १२ पॉइंटमध्ये छापतात, हे ध्यानात घेतले की अडचण समजते. अक्षरे रेखीव आहेत, तरी कोणाला वाचता येत नाहीत.

आता त्याच पडद्यावरचा फक्त कामाचा भाग, समजा ८०० पिक्सेल रुंदीचा डायलॉग बॉक्स, कापून घेतला आणि त्याच १६० मिलिमीटरमध्ये बसवला. इंचाला १२७ पिक्सेल येतात. ३०० चा हट्ट धरणारा हे चित्र परत पाठवेल. पण अक्षर ६.८ पॉइंटचे झाले आहे, आणि ते वाचता येते. कडा किंचित पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतील, तरी कोणते बटण दाबायचे हे वाचकाला कळेल.

म्हणून स्क्रीनशॉटच्या बाबतीत चित्राला इंचाला किती ठिपके आहेत हे नंतर बघावे. आधी विचारावे, की यातले सर्वांत लहान, पण वाचायलाच हवे असे अक्षर पानावर किती पॉइंटचे उतरणार आहे? ६ पॉइंटच्या खाली गेले, तर चित्र लहान करण्याऐवजी आसपासचा भाग कापायला हवा. हा हिशेब करायला फार वेळ लागत नाही, आणि तो केला की अनेक मार्गदर्शिकांमधली निम्मी चित्रे नव्याने घ्यावी लागतील असे दिसते.

लहान करताना आत काय घडते

चित्राचे पिक्सेलच कमी करणे ही निराळी क्रिया आहे. पंधरा ठिपके पंधरा ओळींची रांगोळी सात ठिपके सात ओळींत काढायला घेतली, तर काही वळणे दोन ठिपक्यांच्या मधे पडतात, आणि काढणारीला ठरवावे लागते की ते वळण सोडायचे, की शेजारच्या ठिपक्यावर सरकवायचे. संगणकाला हा निर्णय प्रत्येक पिक्सेलसाठी घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा, याच्या पद्धती ठरलेल्या आहेत.

सर्वांत साधी पद्धत निअरेस्ट नेबर. नव्या पिक्सेलने आपल्या सर्वांत जवळच्या जुन्या पिक्सेलचा रंग उचलायचा. बायलिनिअर पद्धत भोवतालच्या ४ पिक्सेलांची सरासरी घेते. बायक्युबिक १६ पिक्सेल पाहते. तिचे आज रूढ असलेले गणित रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडले. कॉर्नेलियस लान्झोस या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाच्या नावाची पद्धत तिच्या नेहमीच्या रूपात ३६ पिक्सेलांपर्यंत नजर टाकते. जितके अधिक पिक्सेल पाहिले जातात, तितका फोटो सहसा नैसर्गिक उतरतो.

फोटोत एका पिक्सेलचा रंग शेजारच्या रंगापासून फारसा दूर नसतो, म्हणून सरासरी शोभते. स्क्रीनशॉटमध्ये उलट परिस्थिती असते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीची काळी रेघ, तिच्या लगेच शेजारी पुन्हा पांढरे. असे चित्र निम्मे केले, तर निअरेस्ट नेबर पद्धतीत ती रेघ एक तर पूर्ण राहते, नाही तर पूर्ण नाहीशी होते. ती सम रकान्यात होती की विषम, यावर सारे अवलंबून. सरासरीच्या पद्धतीत ती करडी होते. ७० टक्के केले, तर त्याहून वाईट घडते. एका नव्या पिक्सेलला सुमारे १.४३ जुने पिक्सेल वाट्याला येतात, त्यामुळे काही रेघा एकाच नव्या पिक्सेलात मावतात आणि काही दोघांत विभागल्या जातात. तक्त्यातल्या एकसारख्या रेघा मग कुठे गडद, कुठे पुसट दिसू लागतात. चौकटीच्या कापडाचा फोटो लहान केल्यावर त्यावर नसलेल्या लाटा उमटतात, त्याही याच कारणाने. नमुने विरळ घेतले की मुळात नसलेला आकृतिबंध तयार होतो. याला एलियासिंग म्हणतात. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदेशांविषयी आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये संदेशवहनाविषयी जे गणित मांडले, त्यातून याचा खुलासा होतो: सर्वांत बारीक तपशील टिकवायचा तर त्याच्या प्रत्येक आवर्तनात निदान दोन नमुने हवेत.

यातून कामाची शिस्त निघते. स्क्रीनशॉटचे पिक्सेल शक्यतो कमी करू नयेत. करायचेच तर नेमके निम्मे करावेत. ७३ किंवा ६८ टक्के असे अडनिडे प्रमाण टाळावे. मोठे करायचे असल्यास दुप्पट किंवा तिप्पट, आणि तेही निअरेस्ट नेबर पद्धतीने, म्हणजे एका पिक्सेलचे नेमके चार किंवा नऊ होतात आणि अक्षराची कड पुसट होत नाही.

मोठे करताना नवा तपशील तयार होत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने धूसर चित्र ठसठशीत करून देतात, पण ती तपशील अंदाजाने भरतात. निसर्गचित्रात अंदाज चालेल. मोजमापाच्या पडद्यावरचा ३ अंदाजाने ८ झाला, तर वाचणारा चुकीचा दाब लावून यंत्र सुरू करेल. असा धोका केवळ कल्पनेतला नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर यंत्रे नकाशातल्या खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलून टाकत होती. फाइल लहान ठेवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच मानून पुन्हा वापरत होते. अंक ठळक, सुबक आणि चुकीचे होते. आकार वाचवताना अर्थ गमावण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

केबी कमी करण्याचे दोन मार्ग

तिसरा आकार फाइलचा. इथे जेपेग की पीएनजी, हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा.

जेपेगचे मानक १९९२ मधले. त्याच्या गाभ्याशी असलेले गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन करते, प्रत्येक चौकोनातले सावकाश बदल जपते आणि झटक्यात होणारे बदल कमी अचूकतेने लिहिते. डोळा फोटोतल्या अशा झटक्यांकडे फारसे लक्ष देत नाही, म्हणून हा सौदा फायद्याचा ठरतो. अक्षराची कड मात्र झटकाच असते. म्हणून जेपेग केलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांभोवती धुरकट किडे दिसतात, आणि लाल अक्षरे तर जास्तच पसरतात, कारण रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवलेली असते. असे चित्र पुन्हा उघडून पुन्हा जेपेग केले की बिघाड वाढत जातो.

पीएनजी १९९६ मध्ये आले. जीआयएफ या प्रकारात वापरलेल्या संक्षेपणावर युनिसिस कंपनीचे पेटंट होते, त्यावर तोडगा म्हणून ते तयार झाले. पीएनजी काहीही गमावत नाही. एकाच रंगाचे लांबच लांब पट्टे ते फार थोडक्यात लिहिते, आणि स्क्रीनशॉट म्हणजे बहुतांशी तसेच पट्टे. यातून एक अनपेक्षित गोष्ट घडते. पीएनजी स्क्रीनशॉट बायक्युबिक पद्धतीने थोडा लहान केला, तर पिक्सेल घटले तरी फाइल पुष्कळदा वाढते. सरासरीमुळे जागोजागी नव्या छटा तयार होतात, सपाट पट्टे तुटतात आणि थोडक्यात लिहिण्यासारखे फार काही उरत नाही. फाइल हलकी करण्यासाठी चित्र लहान करणारा माणूस अशा वेळी स्पष्टताही घालवतो आणि जागाही.

आकृत्या, प्रवाहतक्ते, जोडणीचे नकाशे यांना यातले काहीच लागत नाही. त्या एसव्हीजीसारख्या व्हेक्टर प्रकारात ठेवाव्यात. एसव्हीजी २००१ मध्ये वेबचे मानक झाले. त्यात ठिपके नसतात. रेघ कुठून कुठे, वक्र कसा, अक्षर कोणते, हे लिहिलेले असते. प्रत्येक आकाराला चित्र नव्याने काढले जाते.

ओढल्यावर सॉफ्टवेअर काय करते

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कोपरा धरून चित्र लहान केले, तर फाइलमधले चित्र तसेच राहते. बदलते ती फक्त पानावरच्या जागेची नोंद. ही नोंद ज्या एककात होते, ते मोठ्या विचाराने निवडलेले आहे: एका इंचाचे ९,१४,४०० भाग. या आकड्याने सेंटिमीटरला बरोबर ३,६०,००० भाग येतात, पॉइंटला १२,७०० आणि ९६ च्या हिशेबातल्या पिक्सेलला ९,५२५. कोणत्याही मापात मोजले तरी पूर्णांकच येतो, त्यामुळे सेंटिमीटरमधून इंचात जाताना अपूर्णांकाची गळती होत नाही. वर्डच्या .docx फाइलचे नाव बदलून झिप केले आणि ती उघडली, तर मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये मूळ चित्र पूर्ण पिक्सेलांनिशी दिसते.

पण जपून. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रांचे पिक्सेल आपणहून कमी करू शकते. अनेक आवृत्त्यांत ही मर्यादा इंचाला २२० पिक्सेल असते. म्हणजे चित्र तात्पुरते लहान केले, फाइल सेव्ह झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मोठे केले, तर ते धूसर दिसू शकते. मार्गदर्शिका लिहिताना प्रगत पर्यायांमधले चित्र न दाबण्याची खूणचौकट निवडून ठेवावी. बाजूच्या मधल्या खुणेला धरून ओढू नये, त्याने चित्र एकाच दिशेने ताणले जाते. कोपराच धरावा.

मोठ्या तांत्रिक ग्रंथांसाठी १९८० च्या दशकापासून वापरले जाणारे फ्रेममेकर पिक्सेलचित्र आत घेतानाच विचारते: इंचाला किती ठिपके धरायचे? नवख्याला हा प्रश्न त्रासाचा वाटतो. खरे तर याहून प्रामाणिक प्रश्न नाही. ग्रंथातल्या सगळ्या स्क्रीनशॉटना एकच आकडा दिला, तर सगळ्या चित्रांतली अक्षरे एकाच मापाची उतरतात, आणि वाचकाला एका पानावर राक्षसी बटण व पुढच्या पानावर मुंगीएवढे बटण दिसत नाही. चित्राची नक्कल ग्रंथात न ठेवता मूळ फाइलकडे फक्त निर्देश करण्याचीही सोय त्यात आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की फोल्डरमधली फाइल बदलायची. पानावरचा आकार ठरलेलाच राहतो.

वेबवर चित्रे १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझरमुळे मजकुराच्या ओळीत येऊन बसली. एचटीएमएलमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही लिहून ठेवण्याचा फायदा असा, की चित्र उतरण्याआधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये तयार केलेल्या मार्कडाउनमध्ये चित्राचा आकार लिहिण्याची खूणच नव्हती. आकार हवा असेल तर सरळ एचटीएमएल वापरा, असा त्यातला मार्ग होता. आयबीएममध्ये जन्मलेल्या आणि २००५ मध्ये मानक झालेल्या डिटा या पद्धतीत रुंदी, उंची किंवा टक्केवारी लिहिता येते. तिथे एक पथ्य पाळावे: फक्त रुंदी लिहावी. दोन्ही लिहिले आणि नंतर कोणी वेगळ्या प्रमाणाचे चित्र त्याच नावाने ठेवले, तर ते मुकाट्याने ताणले जाते.

या सगळ्या साधनांमधला समान धागा असा, की चांगल्या व्यवस्थेत आकार ही चित्रावर केलेली शस्त्रक्रिया नसते. ती चित्राशेजारी लिहिलेली सूचना असते. सूचना बदलता येते. फेकून दिलेला पिक्सेल परत आणता येत नाही.

कापलेले खरेच गेले का

कापण्याच्या बाबतीत मात्र नेमकी उलटी काळजी घ्यावी लागते. वर्डमध्ये चित्र क्रॉप केले, तरी कापलेला भाग फाइलमध्ये राहतो, आणि कोणीही तो पुन्हा उघड करू शकतो. स्क्रीनशॉटच्या कडेला ग्राहकाचे नाव, आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक असेल, तर तो मार्गदर्शिकेबरोबर बाहेर जातो. कापलेले भाग काढून टाकण्याचा वेगळा पर्याय असतो, तो वापरावा; किंवा चित्र आत घेण्याआधीच बाहेर कापून घ्यावे.

बाहेर कापण्याचे साधनही तपासलेले हवे. मार्च २०२३ मध्ये उघड झाले की गूगलच्या पिक्सेल फोनमधले चित्र-संपादक आणि विंडोजमधले स्निपिंग टूल यांत कापलेले चित्र जुन्याच फाइलवर लिहिले, तर जुन्या चित्राचा शेपटाकडचा भाग फाइलमध्ये शिल्लक राहत होता, आणि त्यातून कापलेले बरेच काही परत मिळवता येत होते. दोन्ही साधने दुरुस्त झाली आहेत. खाजगी माहितीच्या बाबतीत सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे स्क्रीनशॉट घेण्यापूर्वीच पडद्यावर नमुन्याची, बनावट माहिती भरणे.

एक मजकूर, अनेक पाने

आज तीच मार्गदर्शिका पीडीएफ म्हणून छापली जाते, संकेतस्थळावर जाते आणि मोबाइलवर उघडली जाते. शिवाय चित्रे घेणाऱ्यांचे पडदेही सारखे नसतात. २०१० च्या आयफोन ४ पासून इंचाला ३२६ पिक्सेलांसारखे दाट पडदे आले, आणि ‘वेबवरचा एक पिक्सेल’ व ‘काचेवरचा एक ठिपका’ वेगळे झाले. अशा दाट पडद्याच्या मॅकवर घेतलेला स्क्रीनशॉट रुंदी आणि उंची दोन्हींत दुप्पट पिक्सेलांचा असतो. विंडोजवर १२५ टक्के मापाने काम करणाऱ्याची तीच खिडकी आणखी निराळ्या आकाराची. म्हणून गटाने आधीच ठरवावे: कोणता पडदा, किती टक्के माप, खिडकीची रुंदी किती. एवढे ठरले की नंतरची ओढाताण बरीचशी संपते.

दाट पडद्यावर घेतलेले चित्र मूळ म्हणून ठेवावे. त्यात एका अक्षराला आडवे आणि उभे दुप्पट ठिपके मिळालेले असतात, आणि वेबसाठी नेमके निम्मे करायचे झाले तरी हिशेब स्वच्छ राहतो. वेबपानात चित्राची कमाल रुंदी रकान्याएवढी ठेवली आणि ब्राउझरला दोन-तीन मापांच्या फायली निवडीसाठी दिल्या, तर प्रत्येकाला आपल्या पडद्याजोगे चित्र मिळते.

देवनागरीचे मागणे

मराठीत मार्गदर्शिका लिहिणाऱ्याला यात एक जास्तीचे ओझे उचलावे लागते. रोमन अक्षराला वर-खाली थोडीच जागा लागते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, रकार, आणि मधे जोडाक्षरे. १२ पिक्सेलांच्या अक्षरात अनुस्वार जेमतेम एक-दोन पिक्सेलांचा असतो. चित्र निम्मे केले की तो करडा डाग होतो, ७० टक्के केले की कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार एकसारखे दिसू लागतात. इंग्रजी पडद्यासाठी ६ पॉइंटवर भागत असेल, तर मराठी पडद्यासाठी ८ पॉइंट धरावेत.

हे महाराष्ट्रात रोजच्या उपयोगाचे आहे. ई-पीक पाहणीसारख्या ॲपची माहिती शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवरच पाहतो. ए-फोर मापाची पीडीएफ साधारण ६८ मिलिमीटर रुंदीच्या मोबाइलवर उघडली, तर सगळे एक-तृतीयांश होते. कागदावरचे १० पॉइंट तिथे सव्वातीन पॉइंट भरतात. एका ओळीत तीन मोबाइल-पडदे, प्रत्येकी ५० मिलिमीटर रुंद, ही कागदासाठी नेटकी मांडणी आहे. मोबाइलवर तेच पडदे १६ मिलिमीटरचे होतात. बोटांनी मोठे करून पाहता येते खरे, पण मग चित्र आणि त्याच्या शेजारची सूचना एकाच वेळी दिसत नाही. मोबाइलवर वाचणाऱ्यासाठी पानच अरुंद, उभे करावे आणि एका पानावर एकच पडदा द्यावा. ही चित्रे व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पुढे गेली, तर वाटेत पुन्हा दाबली जातात. पीडीएफ किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तर तशीच पोहोचतात.

कामाचा क्रम

आतापर्यंतचे सगळे एका क्रमात मांडता येते. चित्र घेण्याआधी पडद्याचे माप ठरवावे आणि नमुन्याची माहिती भरावी. पीएनजीमध्ये साठवावे आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, न बदलता ठेवावी. मग कापावे: वाचकाला या पायरीवर ज्याची गरज नाही, ते सगळे काढावे, पण आपण पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहोत हे कळण्याइतके सभोवताल ठेवावे. त्यानंतर पानावरची रुंदी सूचनेने ठरवावी आणि सर्वांत लहान अक्षराचे पॉइंट मोजावेत. बाण, आकडे आणि वर्तुळे आकार ठरल्यावर काढावीत. आधी काढली, तर चित्राबरोबर तीही लहान होतात आणि प्रत्येक पानावर वेगळ्या जाडीची दिसतात. पिक्सेल कमी करणे ही सर्वांत शेवटची पायरी, आणि ती प्रकाशित करायच्या प्रतीवर.

यानंतर खरी तपासणी. पडद्यावर १०० टक्के मापात पाहणे पुरेसे नाही, कारण लेखकाला बटणाचे नाव आधीच माहीत असते आणि त्याचा डोळा पुसट अक्षरही पूर्ण करून वाचतो. पान छापावे, मोबाइलवर उघडावे, आणि हे सॉफ्टवेअर कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावे. चाळिशीचा चष्मा लावणारा माणूस मिळाला तर उत्तम. त्याला चित्रातला मजकूर मोठ्याने वाचायला सांगावे. तो जिथे अडखळेल, तिथले चित्र दुरुस्तीला घ्यावे.

लेखकाजवळ मूळ फाइल असते, हवे तेव्हा मोठे करून पाहायची सोय असते, आणि शंका आली तर सॉफ्टवेअरच उघडता येते. रुग्णालयात रात्रपाळीला नवे उपकरण सुरू करणाऱ्या परिचारिकेजवळ किंवा कारखान्यात यंत्र बंद पडल्यावर पुस्तिका उघडणाऱ्या कामगाराजवळ फक्त ते पान असते. चित्रातला एखादा शब्द त्या पानावर वाचता आला नाही, तर त्यांच्यापुरता तो शब्द लिहिलेलाच नाही. म्हणून चित्राचा कोपरा ओढण्याआधी हाच हिशेब करायचा, की यातले कोणते अक्षर त्यांना वाचावे लागणार आहे, आणि ते वाचता येईल एवढी जागा आपण त्याला दिली आहे का.